जातानाची डावी, येतानाची उजवी

गेल्या महिन्यात प्रवासातील फराळाविषयी लिहिताना शेवटी आम्ही सहज एक ओळ टाकली होती, की विमानात खिडकी मिळणे हे नशीब, पण योग्य बाजूची खिडकी मिळणे हा अभ्यास. त्या एका ओळीवर जेवढी पत्रे आली, तेवढी साऱ्या फराळावर आली नाहीत. वडोदऱ्याच्या एका भगिनींनी विचारले, मुंबईस जाताना समुद्र कोणत्या बाजूस दिसतो? बेळगावचे एक सेवानिवृत्त गृहस्थ लिहितात, ‘आयुष्यात दोनदा विमानात बसलो आणि दोन्ही वेळा पंखच पाहून उतरलो.’ ग्वाल्हेरच्या एका आजोबांनी तर खडसावलेच, ‘अभ्यास म्हणता, मग तो सांगत का नाही?’

आजोबांचे म्हणणे रास्त आहे. तो अभ्यास आज सांगतो. मात्र आधी एक कबुली दिली पाहिजे. हा अभ्यास आम्ही चूक करून शिकलो, आणि त्या चुकीची किंमत आम्हांला नव्हे, आमच्या आत्याबाईंना मोजावी लागली.

आत्याबाई आमच्याकडेच असतात. ऐंशीला दोन वर्षे कमी. इंदुरातल्या एका मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षे भूगोल शिकवला. शिवालिक, मध्य हिमालय आणि बृहद् हिमालय अशा तीन रांगा त्यांनी फळ्यावर किती वेळा काढल्या असतील याची गणती नाही. पण बर्फाचे एकही शिखर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. एकदा हरिद्वारपर्यंत जाणे झाले होते. त्याविषयी विचारले की म्हणत, ‘तिथं डोंगर दिसले रे, हिमालय नाही दिसला.’ नोकरी, भावंडांची शिक्षणे, नंतर घरातली आजारपणे. राहून गेले ते गेलेच.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचे सांगितले. मोतीबिंदूचे एक बरे असते, शस्त्रक्रिया केली की दृष्टी परत मिळते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. औषधाने उरलेली राखायची एवढेच. नजर कडेने आत आत आवळत जाते. डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, ‘आजी, काही पाहायचे मनात असेल तर लौकर पाहून घ्या.’ आत्याबाई काहीच बोलल्या नाहीत. घरी आल्यावर आम्ही उभयतांनी ठरवले, की दिवाळीनंतर त्यांना काठमांडूस न्यायचे. पशुपतिनाथाचे दर्शनही होईल आणि वाटेत हिमालयही दिसेल.

आमच्या गल्लीतील एक स्नेही नुकतेच तिकडे जाऊन आले होते. त्यांना विचारले. ते म्हणाले, ‘दुसरा विचारच करू नका. उजवीकडे बसा. हिमालय नुसता हाताशी येतो!’ आम्ही त्याच रात्री दिल्ली ते काठमांडू या प्रवासासाठी उजव्या बाजूच्या ओळीने तीन जागा धरल्या. खिडकीसाठी वेगळे पैसे पडले तेही आनंदाने भरले. आत्याबाईंना चकित करायचे म्हणून त्यांच्या कानावर काहीच घातले नाही. सौभाग्यवती मात्र म्हणाल्या, ‘बरे झाले, उजवी बाजू मिळाली. प्रदक्षिणेत देव उजव्या हातालाच असतो.’ आम्हांलाही ते पटले. नर्मदामाईची परिक्रमा करणारेसुद्धा नदी उजव्या हाताला ठेवूनच चालतात.

सकाळचे विमान होते. दिल्लीचे धुरकट आवरण खाली राहिले आणि उजव्या खिडकीतून ऊन असे आत आले, की आत्याबाईंनी डोळ्यांवर पदर धरला. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, ‘अरे, आपण चाललोय कुठल्या दिशेला?’

‘पूर्वेला.’

‘मग उत्तर दिशा कोणत्या हाताला आली?’

आम्ही हात उचलला आणि तो डावा निघाला.

त्या क्षणी पोटात जो खड्डा पडला, तो विमानाच्या हेलकाव्याने पडला नव्हता. पूर्वेस तोंड करून पूजेला बसणाऱ्या मुलालाही ठाऊक असते, की डाव्या हाताला उत्तर. काठमांडूत उतरल्यावर आम्ही त्या स्नेह्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, ते मी परत येताना पाहिले हो! जाताना मला झोप लागली होती.’ त्यांचा दोष नाही. आम्ही त्यांना ‘जाताना की येताना’ हे विचारलेच नव्हते. घरात भूगोलाच्या शिक्षिका बसलेल्या असताना आम्ही दिशा शेजाऱ्याला विचारली, याला काय म्हणावे?

तासाभराने डाव्या बाजूला गडबड सुरू झाली. कोणी मुलाला उचलून धरले, कोणी हातातला फोन काचेला लावला. आमच्याच ओळीत डाव्या खिडकीशी एक नेपाळी तरुण बसला होता. दिल्लीच्या रांगेत त्याच्याशी बोलणे झाले होते. कतारमध्ये कामाला होता आणि तीन वर्षांनी घरी चालला होता. तो कपाळ काचेला टेकून बाहेर पाहत होता. सौभाग्यवतींनी आम्हांला खूण केली, की त्याला विनंती करा, चांगला मुलगा आहे, नाही म्हणणार नाही. आम्ही उठू लागलो, तोच आत्याबाईंनी आमची बाही धरली.

‘बस खाली. तीन वर्षांनी घर दिसतंय त्याला. पाहू दे.’

‘पण आत्या, तुम्ही...’

‘मला हिमालय नाही दिसला तर त्याच्या नद्या दिसताहेत. इकडं बघ.’

आणि खरोखरच, खाली उत्तर प्रदेशच्या सपाटीवर ऊन पडून नदीचे पाणी पत्र्यासारखे चमकत होते. आत्याबाई शिकवू लागल्या. ही शरयू, हिलाच वर घागरा म्हणतात. तो पांढरा पट्टा आहे ना, तो वाळूचा. पावसाळ्यात तिथपर्यंत पाणी असते. ती कोयरीसारखी वाकडी तळी म्हणजे नदीने टाकून दिलेली जुनी पात्रे. हिमालयातून गाळ आणायचा, पसरायचा, आपणच आपली वाट बुजवायची आणि दुसरी काढायची, हा या नद्यांचा स्वभाव. तीस वर्षांपूर्वीच्या वर्गात बसल्यासारखे आम्ही ऐकत होतो. पण डावीकडून येणारा प्रत्येक उद्गार काळजात रुतत होता.

काठमांडूत चार दिवस होतो. रोज सायंकाळी आरतीहून परतल्यावर आत्याबाई वही-पेन्सिल घेऊन आम्हांला समोर बसवीत. ‘परत जाताना पुन्हा चूक नको,’ एवढेच म्हणत. त्या चार संध्याकाळी आम्ही जे शिकलो तोच आमचा अभ्यास. वाचकांसाठी तो नीट मांडून देतो.

पहिली गोष्ट दिशेची. नकाशावर निघण्याचे आणि पोहोचण्याचे गाव शोधावे, दोहोंमध्ये रेघ ओढावी आणि आपण त्या रेघेवर पुढे तोंड करून चाललो आहोत असे समजावे. पाहायची वस्तू ज्या हाताला येते ती आपली बाजू. जाताना जी डावी ती येताना उजवी होते, हे इतके साधे आहे की म्हणूनच ते विसरले जाते. विमानात पुढे तोंड करून बसल्यावर ‘ए’ हे अक्षर डाव्या खिडकीचे. एका ओळीत सहा आसने असतील तर ‘एफ’ हे उजव्या खिडकीचे. दुसऱ्याचा सल्ला घेताना ‘उजवे’, ‘डावे’ विचारू नये. ‘उत्तरेला की दक्षिणेला, समुद्राकडे की डोंगराकडे’ असे विचारावे. दिशा बदलत नाहीत, हात बदलतात.

दुसरी गोष्ट सूर्याची. सूर्याच्या बाजूला बसले की डोळे दिपतात, काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो आणि दूरचे सारे फिकट होते. सावलीच्या बाजूने मात्र रंग खरे दिसतात, कारण समोरच्या देखाव्यावर ऊन पडलेले असते आणि आपल्या डोळ्यांत नसते. सकाळी उत्तरेस जात असाल तर ऊन उजवीकडे, सायंकाळी डावीकडे. दिल्ली आणि काठमांडू ही दोन्ही ठिकाणे कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहेत. तेथे माध्यान्हीचा सूर्य बारा महिने दक्षिणेस असतो, आणि हिवाळ्यात तर उजाडल्यापासून मावळेपर्यंत तो दक्षिणेकडेच राहतो. म्हणून हिमालयाची बाजू ही बहुधा सावलीचीही बाजू असते. एकाच खिडकीत दोन्ही लाभ! सूर्याच्या बाजूला एकच गोष्ट अधिक चांगली दिसते, ती म्हणजे पाणी. नद्या, तळी, भातखाचरे उन्हाने उजळतात. जाताना आत्याबाईंनी आमच्या चुकीतून काढलेला लाभ तो हाच.

सावलीच्या खिडकीतून आणखी एक दुर्मीळ गोष्ट दिसू शकते. खाली ढगांचा सपाट थर असला तर त्यावर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत वलये उमटतात. ढगातील अतिसूक्ष्म जलबिंदू प्रकाश उलट दिशेस परतवतात, त्यातून ती निर्माण होतात. हेच आपले इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून ते दिसते. तेथे डोंगरावर उभे राहून दरीतील धुक्यावर पाहावे लागते. येथे चहा पिता पिता दिसते. यातली गंमत अशी, की त्या वलयांचा मध्य सावलीच्या ज्या ठिकाणी असतो, विमानात नेमके त्याच ठिकाणी आपण बसलेले असतो. पुढे बसलेल्याचे वलय पुढे, मागच्याचे मागे. ज्याचे त्याचे इंद्रवज्र निराळे.

तिसरी गोष्ट रांगेची. बेळगावच्या गृहस्थांनी दोनदा पाहिलेला पंख टाळायचा तर पंखाच्या बरेच पुढे किंवा अगदी मागे बसावे. पंखाच्या लगतच मागे बसल्यास इंजिनातून निघालेल्या तप्त हवेमुळे खालचे दृश्य तापलेल्या तव्यावरच्या हवेसारखे थरथरते. छोट्या गावांना जाणाऱ्या पंख्याच्या विमानांत पंख छपराशी असतो. तिथे खाली पाहायला आडकाठी कमी. काही विमानांत पंखाच्या पुढे एखाद्या रांगेत खिडकीच्या जागी कोरी भिंत असते, कारण तिच्या आतून हवेची नळी गेलेली असते. आसन ‘खिडकीचे’ म्हणून विकत घ्यावे आणि पाहावी भिंत, असे होऊ नये म्हणून आसनांचा आराखडा आधी पाहून घ्यावा. काचेच्या खालच्या अंगास बारीक छिद्र दिसले तर घाबरू नये. आतील आणि बाहेरील काचांच्या मधला हवेचा दाब सम राहावा आणि काच धुरकटू नये, यासाठी ते मुद्दाम ठेवलेले असते.

चौथी गोष्ट ऋतूची आणि वेळेची. पाऊस संपल्यावर, आश्विन-कार्तिकात, हवा धुतल्यासारखी असते. चैत्र-वैशाखात धुळीचे पटल चढते. डोंगरांवर सकाळी आकाश मोकळे असते. दुपारी ढग चढतात. पौषात दिल्लीच्या धुक्यामुळे सकाळचे विमान दुपारी निघण्याचा संभव असतो, तेही ध्यानी ठेवावे. विमान सुमारे ११ किलोमीटर उंचीवर असले म्हणजे क्षितिज साडेतीनशे किलोमीटरांहूनही दूर जाते. म्हणूनच दीड-दोनशे किलोमीटरांवरची शिखरे खिडकीत उभी राहतात.

आता आपल्या रोजच्या वाटा. वडोदऱ्याहून मुंबईस दक्षिणेकडे येताना समुद्र उजव्या हाताला. खंबायतचे आखात, भडोचजवळचे नर्मदेचे मुख आणि सुरतेपुढे तापीचे, ही सारी त्याच बाजूस. सकाळी गेलात तर ऊनही डावीकडे राहील. इंदूरकरांना मुंबईस नैर्ऋत्येकडे जाताना निघाल्यावर थोड्याच वेळात नर्मदा ओलांडावी लागते. तिला नमस्कार कोणत्याही खिडकीतून करता येतो, पण सकाळी सावली उजवीकडे. हैदराबादहून मुंबईस जाणाऱ्यांनी बहुतेक वेळा उजवी बाजू घ्यावी, म्हणजे उन्हाचा त्रास नाही. शेवटी घाटमाथा सरतो आणि कोकण एकदम खाली कोसळते ते पाहण्यासारखे असते. मुंबईत विमाने वर्षाचा बराच काळ पूर्वेकडून उतरतात. तेव्हा डावीकडे खाडी आणि तुर्भ्याचा डोंगर, उजवीकडे पवईचा तलाव. मुंबईहून गोव्यास सकाळी जाणाऱ्याने उजवीकडे बसून कोकणच्या खाड्या मोजाव्यात. दुपारी जाणाऱ्याने डावीकडे बसून सह्याद्री पाहावा. दिल्लीहून बागडोगरा किंवा गुवाहाटीस जाताना डावी बाजू; हवा स्वच्छ असली तर ८८४८ मीटरांचे एव्हरेस्ट आणि ८५८६ मीटरांचे कांचनजंगा दोन्ही त्याच बाजूस येतात. वारा, ढग किंवा गर्दी पाहून वैमानिक वाट थोडी बदलतो, तेव्हा हे सारे ‘बहुधा’ या शब्दासह वाचावे.

एक सूचना. ग्वाल्हेर, पुणे आणि गोव्यातील दाबोळी येथील विमानतळ संरक्षण दलांचे आहेत. तेथे उतरताना वा निघताना छायाचित्रे काढण्यास मनाई असते. हवाई सुंदरीने सांगण्याची वाट पाहू नये. डोळ्यांनी पाहिलेले कोणी काढून घेत नाही.

आत्याबाईंच्या वर्गात एक जुनी हकिकतही आली. एव्हरेस्टवरून पहिले विमान उडाले ते ३ एप्रिल १९३३ रोजी, आणि ते निघाले होते आपल्या बिहारमधील पूर्णियाजवळून. दोन विमाने होती. उघड्या जागेत बसून गोठवणाऱ्या थंडीत नळीने प्राणवायू घेत त्या माणसांनी छायाचित्रे काढली. एकाची प्राणवायूची नळी वाटेतच तडकली आणि तो बेशुद्ध पडला. आत्याबाई म्हणाल्या, ‘आणि आपण चिवडा खात जातो, तरी खिडकीची झडप लावून झोपतो.’

परतीचे विमान दुपारचे होते. या वेळी जागा त्यांनीच निवडल्या: उजवी बाजू, पंखाच्या पुष्कळ पुढे. सकाळपासून आकाशात ढग चढत होते. आम्ही दहा वेळा वर पाहिले. आत्याबाईंनी एकदाही पाहिले नाही. पिशवीतून चष्मा काढून पुसत बसल्या.

विमान उडाले, दरीबाहेर पडून पश्चिमेस वळले. उजवीकडे नुसते पांढरे. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, ‘ढगच आहेत.’ आत्याबाईंची नजर आता समोरच्या थोड्याशा भागापुरतीच उरली आहे. त्यामुळे त्या डोळे न फिरवता सारी मान फिरवून पाहतात. तशी मान फिरवत त्या बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, ‘ढग कड बदलतो. ते तिकडचं कड बदलत नाहीये. सावल्या बघ, जागच्या जागी आहेत. तो ढग नाही.’

तो मनास्लू होता. नंतर एकेक उलगडत गेले. काठमांडूहून पश्चिमेस निघाले म्हणजे क्रम असा: गणेश हिमाल, मग ८१६३ मीटरांचा मनास्लू, मग अन्नपूर्णेची लांबलचक भिंत, तिच्या पुढे माशाच्या शेपटीसारखे टोकदार माछापुच्छ्रे आणि शेवटी एकटा, रुंद खांद्यांचा धवलगिरी, ८१६७ मीटर. खाली ढगांचे अंथरूण आणि त्यातून वर आलेली ही शिखरे. आत्याबाई नावे घेत होत्या. एकही चुकली नाही. कोणी सांगितले नव्हते. ते सारे त्यांच्या फळ्यावरचे होते.

अन्नपूर्णा आणि धवलगिरी यांच्यामध्ये एक मोठी फट दिसते. दोन शिखरांत सुमारे ३५ किलोमीटरांचे अंतर आणि मधून कालीगंडकी वाहते. आत्याबाई म्हणाल्या, ‘आपल्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम त्या फटीतून आलाय. आत चक्र असतं ना, ते समुद्रातल्या प्राण्याचं कवच. हिमालय व्हायच्या आधी तिथं समुद्र होता. मुलांना सांगायचे, तर मुलं हसायची. एवढ्या उंचावर समुद्र कसा, म्हणायची.’ मग थोड्या वेळाने, ‘खोटं नव्हते सांगत मी.’

या वाक्यावर आम्हांला बोलता आले नाही. तीस वर्षे पुस्तकावर भरवसा ठेवून जे सांगितले, त्याची साक्ष आज त्यांना डोळ्यांनी मिळत होती. आणि तीही, डोळे अजून थोडे आहेत तोवर.

धवलगिरी मागे पडू लागला तेव्हा सौभाग्यवतींनी काचेवर बोट ठेवले. ढगांवर, किंचित मागच्या अंगाला, आमच्या विमानाची इवलीशी सावली धावत होती आणि तिच्याभोवती वलय होते. आत निळसर, बाहेर तांबूस. आत्याबाईंना ते दाखवायला वेळ लागला. त्यांची मान तेथवर वळवावी लागली आणि वलय कधी ढगाच्या खळग्यात नाहीसे होई, कधी उमटे. अखेर त्यांना गवसले. ‘इंद्रवज्र,’ एवढेच म्हणाल्या आणि हात जोडले.

जाताना सौभाग्यवती जे म्हणाल्या होत्या ते त्यांनी ऐकले असावे. दिल्ली जवळ आल्यावर म्हणाल्या, ‘देव उजव्या हाताला येऊन गेला बघ. जाताना डावीकडे बसवलं असतंस तर येताना मी डोळे मिटून पडले असते. एका बाजूनं नद्या पाहिल्या, एका बाजूनं त्यांचं माहेर पाहिलं. आता तुला वाईट वाटायचं कारण नाही.’

त्यांनी आम्हांला मोकळे केले, हा त्यांचा मोठेपणा. पण वाचकहो, त्या दुपारी ढग आणखी दोन हजार मीटर चढले असते तर? पुढच्या वर्षी पुन्हा आणू असे म्हणणे त्यांच्या बाबतीत सोपे नव्हते. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितले, की नजर आणखी थोडी आवळली आहे. तरुणांची चूक पुढल्या खेपेस दुरुस्त होते. वृद्धांसाठी पुढली खेप असतेच असे नाही. आपल्या समाजात पुष्कळ घरी हल्ली मुले परगावी, परदेशी असतात आणि आईवडिलांची तिकिटे तीच दुरून काढतात. पैसे भरतात, गाडी पाठवतात, चाकांची खुर्चीही सांगून ठेवतात. त्याबरोबर एवढे आणखी करावे: नकाशा उघडून अर्धा मिनिट पाहावा, उत्तर कोणत्या हाताला येते ते मोजावे, आणि ज्यांच्यासाठी खिडकी घ्यायची त्यांनाच आधी विचारावे, ‘तुम्हांला काय पाहायचे आहे?’ आमच्या घरी हा एक प्रश्न विचारला गेला असता, तर उत्तर देणाऱ्या बाई त्याच खोलीत बसून वाती वळत होत्या.

आणि आपली खिडकी चुकलीच, तर दुसऱ्याची मागण्यापूर्वी तो काय पाहतो आहे याचा क्षणभर विचार करावा. तो नेपाळी तरुण उतरताना आत्याबाईंपाशी थांबला होता. त्यांनी विचारले, ‘घर दिखा?’ तो हसून म्हणाला, ‘घर नहीं माँजी, घर के ऊपर का पहाड़ दिखा.’ आत्याबाई आम्हांला म्हणाल्या, ‘तेवढं पुरतं.’

वडोदऱ्याच्या भगिनींनी समुद्र पाहून आल्यावर जरूर लिहावे. बेळगावच्या गृहस्थांनी तिसऱ्या खेपेस पंखाच्या पुढची रांग मागून घ्यावी. आणि ग्वाल्हेरच्या आजोबांना साष्टांग नमस्कार. त्यांनी खडसावले नसते, तर ही कबुली आमच्याकडून लिहून झाली नसती.